सहीखालची तारीख : दारूतून सुटलेल्यांच्या आत्मकथनांचा संग्रह

५ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात टंकलिखित पानांचं एक जुनं बाड २४ लाख डॉलरला गेलं. पानोपानी पेन्सिलीनं आणि शाईनं केलेल्या दुरुस्त्या, समासात निरनिराळ्या हातांचे शेरे, खोडून पुन्हा लिहिलेली वाक्यं. १९३९ साली निघालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या पुस्तकाची ही छापखान्यासाठी तयार केलेली मूळ प्रत. ती घेणारे जिम इर्से अमेरिकी फुटबॉलमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाचे मालक होते आणि स्वतःच्या व्यसनाबद्दल उघडपणे बोलत असत. हेच बाड २००४ मध्ये सदबीज्‌च्या लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेलं होतं आणि तीनच वर्षांनी, २००७ मध्ये, दहा लाखांच्या आत विकलं गेलं होतं.

एवढे चढउतार होणारा हा बाजार आकारानं लहानच आहे. दारूच्या विळख्यातून बाहेर आलेल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं, त्यातही लेखकाच्या सहीच्या प्रती, जमवणारे लोक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहेत. त्यांत दोन तऱ्हा दिसतात. एक नेहमीचा ग्रंथसंग्राहक : पहिली आवृत्ती, मूळ वेष्टन, स्वच्छ प्रत, सही, या क्रमानं विचार करणारा. दुसरा स्वतः दारू सोडलेला माणूस. ज्या पुस्तकानं हात दिला त्याची जुनी प्रत घरात असावी, एवढंच त्याला हवं असतं. दोघेही एकाच लिलावात बोली लावतात म्हणून भाव चढतात.

या प्रकाराचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कादंबरीकाराच्या किंवा पुढाऱ्याच्या सहीत आपण नाव पाहतो. या पुस्तकांत नावाच्या खाली घातलेली तारीख अधिक बोलते. ‘मी प्यायचो, आता पीत नाही’ हे या आत्मकथनांचं मूळ विधान. आणि पुस्तक छापून झालं तरी ते विधान रोज नव्यानं खरं करून दाखवावं लागतं. काहींना ते जमलं, काहींना नाही. कोणती सही कधीची, हे कळल्याशिवाय हातातली प्रत नेमकी काय आहे ते कळत नाही.

प्रतिज्ञेचे दिवस

सुरुवात १८४० पासून करायला हवी. त्या वर्षी अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या एका गुत्त्यात नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली आणि त्यातून ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ उभी राहिली. तोवर दारूविरुद्ध बोलण्याचं काम धर्मोपदेशकांचं आणि डॉक्टरांचं. आता पिणारा स्वतःच सभेत उभा राहून आपली कहाणी सांगू लागला. चळवळ इतकी पसरली की २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डमधल्या तिच्या सभेत अब्राहम लिंकन यांचं भाषण झालं. दशक संपण्याआधीच तिचा जोर ओसरला, पण सभेतल्या कहाण्यांची पुस्तकं होऊ लागली होती.

त्यांतला सगळ्यांत गाजलेला माणूस जॉन गफ. इंग्लंडमधल्या केंटचा हा मुलगा बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आला, पुस्तकबांधणीचं काम शिकला आणि दारूत बुडाला. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी त्यानं प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि पुढं सभा गाजवणारा वक्ता झाला. त्याचं आत्मचरित्र १८४५ मध्ये बॉस्टनला निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरात तो न्यू यॉर्कमध्ये बेपत्ता झाला आणि काही दिवसांनी एका बदनाम घरात दारूच्या धुंदीत सापडला. आपल्याला पेयातून काहीतरी घातलं गेलं, असं त्याचं म्हणणं. विरोधकांनी अर्थातच ते मानलं नाही. गफ सावरला, आणखी चाळीस वर्षं बोलत राहिला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात व्याख्यान चालू असतानाच कोसळून गेला. १८६९ मध्ये त्यानं आपलं आत्मचरित्र वाढवून पुन्हा काढलं.

संग्राहकासाठी इथं पहिला धडा आहे. १८४५ च्या सुरुवातीची प्रत आणि १८६९ ची प्रत ही एकाच माणसाची दोन वेगळी विधानं. पहिलीत दोन-अडीच वर्षं टिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास आहे. दुसरीमागं घसरून उभं राहिलेल्या माणसाचा सत्तावीस वर्षांचा अनुभव. बाजाराच्या नियमानं पहिली अधिक महाग. पण गफच्या हातची, तारखेसह सही असलेली उत्तरकाळातली प्रत मिळाली तर ती कमी मोलाची समजू नये.

ल्यूथर बेन्सन या इंडियानातल्या वक्त्याचं ‘फिफ्टीन इयर्स इन हेल’ हे १८७७ चं आत्मकथन याच परंपरेतलं. विसाव्या शतकात मात्र सूर बदलला. जॅक लंडन यांचं ‘जॉन बार्लीकॉर्न’ आधी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये क्रमशः आलं आणि ऑगस्ट १९१३ मध्ये पुस्तकरूपात निघालं. त्यात पश्चात्तापाचं प्रवचन नाही. दारू माणसाशी कशी गप्पा मारते, त्याला कसं पटवते, हे एका कसलेल्या लेखकानं आतून सांगितलं आहे. शेवटी लंडन दारू सोडतही नाहीत. बेतानं पिऊ, असं म्हणून थांबतात. तरी दारूबंदीवाल्यांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. १९१६ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी लंडन गेले. त्यामुळं ‘जॉन बार्लीकॉर्न’वर सही करायला त्यांना जेमतेम तीन वर्षं मिळाली. त्यांनी सही केलेले जुने धनादेश बाजारात येत असतात आणि अस्सल अक्षराशी ताडून पाहायला ते बरे पडतात. मित्राला चार ओळी लिहून दिलेली या पुस्तकाची प्रत ही मात्र मोठी मिळकत.

१९३५ चं विल्यम सीब्रुक यांचं ‘असायलम’ हे आज विसरलं गेलेलं, पण संग्रहात असायलाच हवं असं पुस्तक. आफ्रिका, हैती अशी भटकंती करून लिहिणारा हा पत्रकार १९३३ च्या अखेरीस स्वतःहून न्यू यॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि काही महिने राहिला. प्रवासवर्णन लिहावं तसं त्यानं रुग्णालयाचं वर्णन केलं. पुस्तक गाजलं, पण दारू कायमची सुटली नाही. १९४५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. ‘असायलम’च्या सहीच्या प्रतीवर १९३५ आहे की १९४०, यावर ती प्रत वाचायची रीत बदलते.

लाल कापडाचं पुस्तक

या सगळ्या संग्रहाचा मध्यबिंदू म्हणजे एप्रिल १९३९ मध्ये निघालेलं ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचं आणि तिच्या या पुस्तकाचं नाव एकच. तिचे संस्थापक दोन : बिल विल्सन हे शेअरबाजारात वावरलेले गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे ॲक्रनचे शल्यचिकित्सक, दोघेही दारूनं पोखरलेले. बिल यांनी शेवटचा घोट घेतला ११ डिसेंबर १९३४ रोजी, बॉब यांनी १० जून १९३५ रोजी. ही दुसरी तारीखच संघटनेचा स्थापनादिन ठरली. चार वर्षांत शंभरेक माणसं जमली आणि त्यांची पद्धत व कहाण्या छापायचं ठरलं. प्रकाशक शोधण्यापेक्षा आपणच कंपनी काढू, म्हणून ‘वर्क्स पब्लिशिंग’ उभी राहिली आणि पंचवीस डॉलरचा एक असे शेअर विकले गेले. छपाईआधी सुमारे चारशे प्रती यंत्रावर काढून डॉक्टर, धर्मगुरू, सभासद अशांना अभिप्रायासाठी वाटल्या. त्या कच्च्या प्रती आज छापील पुस्तकापेक्षाही दुर्मीळ.

पहिलं मुद्रण ओळखायचं कसं, हे या छंदातलं पहिलं शिक्षण. बांधणी लाल कापडाची. दुसरं मुद्रण मार्च १९४१ मध्ये झालं तेव्हा कापड निळं झालं. कागद मुद्दाम जाड वापरला होता, साडेतीन डॉलर मोजणाऱ्याला हातात वजनदार पुस्तक आल्यासारखं वाटावं म्हणून. सगळे त्याला ‘बिग बुक’ म्हणू लागले ते या जाडीमुळं. वेष्टन लाल, पिवळं, काळं, एवढं भडक की संग्राहक त्याला ‘सर्कस जॅकेट’ म्हणतात. ते काढणारे रे कॅम्पबेल हे चित्रकार स्वतः सभासद होते आणि त्यांची कहाणीही पुस्तकात आहे. पान २३४ वर एक ओळ चुकून लागोपाठ दोनदा छापली गेली आहे. मुखपृष्ठाआतल्या शीर्षकपानावर लेखकाचं नाव नाही. शंभराहून अधिक पुरुष कसे बरे झाले, एवढंच उपशीर्षक आहे. दारू सोडण्यासाठी पुस्तकानं सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी शेवटच्या पायरीत पहिल्या मुद्रणात आध्यात्मिक ‘अनुभव’ असा शब्द होता. तो वाचून आपल्यालाही दिव्य साक्षात्कार व्हायला हवा, असं लोक समजू लागले. म्हणून दुसऱ्या मुद्रणापासून तिथं ‘जागृती’ आली आणि खुलाशाचं परिशिष्ट जोडलं गेलं.

पहिल्या मुद्रणाची आणखी एक खूण मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्यात ‘लोन एंडेव्हर’ नावाची कहाणी आहे. कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं कच्ची प्रत एकट्यानं वाचून दारू सोडली आणि तसं पत्र पाठवलं. न्यू यॉर्कच्या मंडळींनी हरखून त्याची कहाणी पुस्तकात घेतली, त्याला भेटायला बोलावलं, प्रवासखर्चाचीही सोय केली. बस येऊन पोचली तेव्हा तो नशेत होता, असं सांगितलं जातं. दुसऱ्या मुद्रणातून ही कहाणी काढून टाकली गेली. पुस्तकातली कहाणी आणि माणसाचं आयुष्य यांची फारकत किती लवकर होऊ शकते, हे दोन मुद्रणं शेजारी ठेवली की दिसतं.

पुस्तक सुरुवातीला खपलंच नाही. गठ्ठेच्या गठ्ठे कॉर्नवॉलच्या छापखान्याच्या गोदामात पडून होते. १ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि चित्र पालटलं. त्या एका वर्षात संघटनेचे सभासद दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले. पहिल्या आवृत्तीची एकूण सोळा मुद्रणं झाली. १९५५ मध्ये दुसरी आवृत्ती आली. विक्रेता नुसतं ‘पहिली आवृत्ती’ म्हणत असेल तर ‘कितवं मुद्रण?’ हा प्रश्न आधी विचारावा. सोळाव्या मुद्रणाची प्रत थोडक्यात मिळते. पहिल्याची, मूळ वेष्टनासह, हजारो डॉलर मागते.

निनावी माणसाची सही

आता मूळ पेच. जी संघटना सभासदाचं नाव जाहीर करायचं नाही असं शिकवते, तिच्या संस्थापकांच्या सह्यांचा बाजार कसा चालतो? १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या. वृत्तपत्रं, नभोवाणी, चित्रपट यांच्या पातळीवर सभासदानं निनावी राहावं, असं त्यांतली अकरावी सांगते. हेतू दुहेरी : लाजेपोटी लांब राहणाऱ्याला आडोसा मिळावा, आणि दारू सोडल्याची फुशारकी मिरवून कुणी पुन्हा घसरू नये.

तरी आपापसात पुस्तकावर दोन शब्द लिहून देण्याला बंदी नव्हती. बिल यांनी अनेकांना प्रती सही करून दिल्या. कुठं नुसतं ‘बिल’, कुठं आडनावाचं आद्याक्षर, कुठं पूर्ण नाव. डॉ. बॉब १९५० च्या नोव्हेंबरात गेले. त्यांच्या सह्या कमी, म्हणून महाग. दोघांच्याही सह्या एकाच प्रतीवर असतील तर तिला ग्राहकांची रांग लागते.

माझ्या मते याहून मोलाच्या प्रती वेगळ्याच. जुना सभासद नव्याला आधार देतो, त्याला तिथं ‘स्पॉन्सर’ म्हणतात. तो नवख्याला पुस्तक देताना आतल्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहितो आणि तारीख घालतो. कधी सगळा गट सह्या करतो : पहिलं नाव, आडनावाचं एक अक्षर. पुढं मालक स्वतःच्या दारू सोडल्याच्या तारखा त्याच पानावर लिहीत जातो. एक तारीख लिहिलेली, मग खोडलेली, खाली दुसरी, तीही खोडलेली, मग तिसरी, आणि तिच्यापुढं वर्षागणिक एकेक खूण. अशा प्रतीत प्रसिद्ध माणसाची एकही सही नसते. नेहमीच्या संग्राहकाच्या हिशेबात ती ‘आत लिखाण, समासात रेघा, बांधणी सैल’ म्हणून खाली घसरते. पण या विषयाचा अभ्यास करायचा तर अस्सल साधन हेच.

जाहीर नावांची लाट

निनावीपणाची भिंत मोठ्या आवाजात ओलांडली ती लिलियन रॉथ या गायिका-अभिनेत्रीनं. ‘आय’ल क्राय टुमॉरो’ हे तिचं आत्मकथन १९५४ मध्ये आलं, लाखोंनी खपलं आणि पुढच्याच वर्षी सुझन हेवर्डला घेऊन त्यावर चित्रपट निघाला. आपण कोणत्या संघटनेच्या मदतीनं सावरलो हे तिनं नावानिशी सांगितलं. संघटनेत नाराजी झाली आणि तिथं येणाऱ्या बायकांची संख्याही वाढली.

बेटी फोर्ड यांची दोन पुस्तकं जोडीनं ठेवावीत. ‘द टाइम्स ऑफ माय लाइफ’ हे १९७८ चं आत्मचरित्र तयार होत असतानाच घरच्यांनी त्यांना समोर बसवून दारू आणि गोळ्यांबद्दल सुनावलं. एप्रिलमध्ये त्या लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात गेल्या आणि पुस्तकाला ऐनवेळी त्याबद्दलचं शेवटचं प्रकरण जोडलं गेलं. बाकीचं पुस्तक त्याआधीच्या बेटींचं, शेवट नंतरच्या बेटींचा. पूर्ण हकीकत आली ती १९८७ च्या ‘बेटी : अ ग्लॅड अवेकनिंग’मध्ये, त्यांच्या नावाचं उपचारकेंद्र सुरू झाल्याला पाच वर्षं झाल्यावर. बाजारात पहिल्या पुस्तकाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचं म्हणून मागणी असते. या विषयाच्या संग्रहाला दुसरं हवं.

नव्वदच्या दशकात पत्रकारांनी हा प्रकार साहित्याच्या पातळीवर नेला. पीट हॅमिल यांचं ‘अ ड्रिंकिंग लाइफ’ १९९४ चं, कॅरोलाइन नॅप यांचं ‘ड्रिंकिंग : अ लव्ह स्टोरी’ १९९६ चं. हॅमिल दीर्घायुषी होते, त्यांच्या सह्या मिळतात. नॅप २००२ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं गेल्या, त्यामुळं त्यांच्या सहीच्या प्रतींना मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये हीच भूमिका फुटबॉलपटूंनी बजावली : जिमी ग्रीव्ह्ज १९७९ मध्ये, टोनी ॲडम्स १९९८ मध्ये ‘ॲडिक्टेड’ घेऊन. जॉर्ज बेस्ट यांचं ‘ब्लेस्ड’ २००१ चं. पुढच्या वर्षी त्यांच्यावर यकृताचं प्रत्यारोपण झालं, त्यानंतरही ते प्यायले, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये गेले. ‘ब्लेस्ड’वरची त्यांची सही हातात घेताना हा क्रम ठाऊक असायला हवा.

जेम्स फ्रे यांच्या ‘अ मिलियन लिटल पीसेस’चं प्रकरण वेगळंच. २००३ चं हे पुस्तक २००५ मध्ये ऑप्रा विन्फ्री यांनी आपल्या वाचकमंडळासाठी निवडलं आणि खपाचे उच्चांक झाले. जानेवारी २००६ मध्ये ‘द स्मोकिंग गन’ या संकेतस्थळानं पोलिसी नोंदी काढून दाखवलं की त्यातल्या महत्त्वाच्या घटना फुगवलेल्या किंवा बनावट आहेत. प्रकाशकानं वाचकांना पैसे परत देऊ केले आणि पुढच्या मुद्रणांत लेखकाचा खुलासा छापला. खुलासा नसलेली, सही असलेली आधीची प्रत आज संग्रहात असते ती आत्मकथनाच्या विश्वासार्हतेचा पुरावा म्हणून, उलट्या अर्थानं. त्याला जणू उत्तर म्हणून डेव्हिड कार यांनी २००८ च्या ‘द नाइट ऑफ द गन’मध्ये स्वतःच्याच आयुष्याची बातमीदारी केली : जुने साथीदार गाठले, मुलाखती घेतल्या, पोलिस व रुग्णालयाची कागदपत्रं काढली आणि आपल्याला आठवतं त्यातलं किती खोटं आहे हे लिहिलं. ही दोन पुस्तकं शेजारी नसतील तर या काळाचा संग्रह अपुरा.

अलीकडचं उदाहरण अभिनेते मॅथ्यू पेरी. त्यांचं आत्मकथन नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि ते २८ ऑक्टोबर २०२३ रोजी गेले. सहीची सगळी मुदत एका वर्षाहूनही कमी.

खरी सही, खोटी सही

नकली मालाची ओळख पटवायला बहुधा प्रयोगशाळा लागत नाही, सनावळी पुरते. १९५५ च्या दुसऱ्या आवृत्तीवर डॉ. बॉब यांची सही असूच शकत नाही. जॉन बेरीमन या कवीची ‘रिकव्हरी’ ही अपुरी कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये निघाली. त्याच्या सहीची प्रत कुणी दाखवली तर नमस्कार करून निघावं. बिल यांचं ‘माय फर्स्ट फॉर्टी इयर्स’ हे आत्मचरित्र ध्वनिमुद्रित आठवणींवरून २००० मध्ये छापलं गेलं; ते स्वतः १९७१ मध्ये वारले होते. सहीखाली १९३९ ची तारीख आणि शाई बॉलपेनची असेल तर तेही जमत नाही, कारण बॉलपेन अमेरिकेच्या दुकानांत आलं ते १९४५ च्या अखेरीस.

पुढची पायरी जरा बारकाईची. सही पुस्तकाच्याच पानावर आहे, की चिठ्ठीवरची कापून डकवलेली आहे, की प्रकाशकानं सुट्या पानांवर गठ्ठ्यानं सह्या घेऊन ती पानं बांधणीत घातली आहेत? तिन्हींचा भाव वेगळा. लेखकानं नाव घालून चार ओळी लिहून दिलेली प्रत नुसत्या सहीपेक्षा वरची, कारण चार ओळींची नक्कल करणं कठीण. मोठ्या सार्वजनिक व्यक्तींच्या बाबतीत सही यंत्रानं किंवा सचिवानं केलेली नाही ना, हे पाहावं लागतं. एकाच व्यक्तीच्या दोन सह्या रेघेला रेघ जुळल्या तर संशय घ्यावा. ‘बिग बुक’च्या वेष्टनाच्या हुबेहूब नकला उघडपणे विकल्या जातात. नक्कल म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही, पण चार हात फिरल्यावर तीच ‘मूळ’ म्हणून पुढं येते. प्रत कुणाकडून कुणाकडं गेली याची साखळी विचारावी, लेखी मागावी, आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या मान्यताप्राप्त संघटनेचा सभासद असलेल्याकडूनच मोठी खरेदी करावी.

मालकी कुणाची?

सुरुवातीला सांगितलेल्या बाडाची विक्री सहज झालेली नाही. ते बिल यांच्या पत्नी लोइस यांच्याकडून एका स्नेह्याकडं गेलं होतं. आपल्या पश्चात ते संघटनेला मिळावं, असं त्या स्नेह्यानं १९७९ मध्ये लिहून ठेवलं होतं, असा दावा करत संघटनेची प्रकाशनसंस्था २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयात गेली. वाद मिटला तेव्हाच लिलाव झाला. पैसा नको, मालमत्ता नको, असं तत्त्व मानणाऱ्या संघटनेला स्वतःच्या कागदासाठी कोर्टाची पायरी चढावी लागावी, यावर तिथं बरीच चर्चा झाली. अभ्यासकांचं मात्र अडत नाही : दुरुस्त्यांसकट सगळ्या पानांची छायाप्रत २०१० मध्येच पुस्तकरूपानं निघाली आहे.

संस्थांनी या क्षेत्रात चांगलं काम केलं आहे. ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयात चेस्टर कर्क यांच्या नावानं दारू आणि व्यसनमुक्ती या विषयाचा मोठा संग्रह आहे. बिल आणि लोइस यांचं न्यू यॉर्क राज्यातलं घर ‘स्टेपिंग स्टोन्स’ आणि डॉ. बॉब यांचं ॲक्रनमधलं घर, दोन्ही २०१२ मध्ये राष्ट्रीय स्मारकं झाली. खासगी कपाटात बंद झालेली प्रत पुढं मागं अशा ठिकाणी पोचावी, हीच अपेक्षा.

आपल्याकडं

मराठीत दारूचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. त्यात सर्वनाश आहे, सुटका नाही, आणि पुढची कित्येक वर्षं आपलं लेखन त्याच वाटेनं गेलं. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत दारू जागोजागी दिसते, पण बहुतेक वेळा बापाच्या हातातली, लेकानं पाहिलेली. ‘मी प्यायचो आणि सुटलो’ हे प्रथमपुरुषी एकवचनात सांगायला आपल्याकडं उशीर लागला.

ते वळण आणलं पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढं केला आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू झालं. तिथून बरे झालेले कितीतरी जण तिथंच समुपदेशक झाले आणि ‘फक्त आजचा दिवस’ हे वाक्य मराठी घरांत पोचलं. अवचटांची ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही पुस्तकं हा मराठी संग्रहाचा पाया. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या सहीच्या प्रती अनेक घरांत असतील, आणि त्यांतल्या काही एखाद्या बऱ्या झालेल्या माणसाला त्याचं नाव घालून दिलेल्या असतील.

नेमकी अशीच प्रत उद्या अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर तुमच्या हाती लागू शकते. तेव्हा एवढं करा. आतलं पान फाडू नका, लिहिलेलं पुसू नका. पण त्या पानाचा फोटो काढून चारचौघांत फिरवूही नका. मृत सभासदाचं नाव उघड करायचं की नाही, हा निर्णय त्याच्या कुटुंबाचा, अशी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सर्वसाधारण भूमिका आहे, आणि संग्राहकानंही ती पाळावी. शक्य असेल तर घरच्यांना विचारा. ते नको म्हणाले तर प्रत नाव झाकून ठेवा, किंवा जपेल अशा ग्रंथालयाला अटी घालून द्या. सही विकत घेता येते. ती ज्याच्यासाठी केली त्याची गोष्ट सांगायचा हक्क तिच्याबरोबर मिळत नाही.